अठ्ठाविसाव्या दिवसाची नळी

चैतूभाऊ,

तुम्ही जाऊन आज एकोणीस दिवस झाले आणि आपलं भांडण अजून अर्धंच आहे. भांडण अर्धं टाकायची तुमची सवय जुनीच. चहा पुढ्यात आला की हात वर करून म्हणायचात, थांबा, बाकीचं चहा झाल्यावर. पण या वेळी तुम्ही चहाही न घेता उठून गेलात, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी कायमचेच गेलात. आता दोन्ही बाजूंनी मीच भांडावं अशी तुमची अपेक्षा दिसते. तेही करून पाहिलं. तुमच्या बाजूनं भांडताना मी हरत नाही, एवढं लक्षात आलं.

कारण सांगितलं तर लोक हसतील. त्या सकाळी तुम्ही तंबाखूचा खर्रा खाल्ला होता की नव्हता, एवढाच प्रश्न. तुम्ही म्हणालात नाही. मी म्हटलं, खोटं बोलू नका. याचा निकाल तुमच्या श्वासाच्या नळीत होता. पेन्सिलीच्या तुकड्याएवढी ती नळी दोन्ही टोकांना टोपणं लावून चंद्रपूरच्या आमच्या प्रयोगशाळेतल्या फ्रिजमध्ये पडली होती. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यापासून दहा पावलांवर उभी होते.

ती लगेच यंत्रावर का लावली नाही, हे तुम्ही विचारणारच. सांगते, पण जरा मागून येऊ द्या. तुमचीच पद्धत ही. मलेरियाच्या एका गोळीबद्दल विचारलं तर तुम्ही आधी नाल्याला पूर कसा आला तिथून सुरू करायचात.

तीन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा तुमच्या गावी आले, अहेरीहून आत, जिथं एसटी दिवसातून दोनदा येते असं फक्त कंडक्टर मानतो. आमच्या सरांनी अभ्यास हाती घेतला होता. हिवताप झालेल्या माणसाच्या श्वासातल्या वायूंमध्ये काही फरक पडतो का, आणि पडत असेल तर रक्त न काढता नुसत्या श्वासावरून आजार ओळखता येईल का, हे पाहायचं होतं. गावातला एक मदतनीस हवा होता. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं आणि सांगताना सगळे हसले. सुईवाला भाऊ.

तुम्ही तेव्हा निवृत्त झाला होतात. तीस वर्षं हिवतापाच्या कामात सायकलवर गावोगाव फिरून, ज्याला ताप त्याच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, हे तुमचं आयुष्य. मी पिशवी बाहेर काढून दाखवली. यात फुंकायचं, मग पिशवीतली हवा छोट्या पंपानं या नळीतून ओढायची, नळीतली भुकटी श्वासातले वास धरून ठेवते, नंतर यंत्रात नळी तापवली की एकेक वास सुटतो आणि कागदावर त्याचा आलेख उमटतो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, सुई कुठी हाये? मी म्हटलं, श्वासाला सुई लागत नाही. तुम्ही पुन्हा विचारलंत. मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा मला वाटलं, माणूस कानानं जरा कमी असावा.

कान तुमचे ठणठणीत होते. तुम्हाला ते पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

गावाला हे प्रकरण तुम्ही समजावलंत तसं आम्हा शिकलेल्यांपैकी कुणाला जमलं नसतं. "आतमदी जे शिजते, त्याचा वास तोंडातून येते. भात शिजला तं भाताचा, करपला तं करपल्याचा. मॅडमची मशीन फक्त नाक हाये, भलतं मोठं." सरांनी दिल्लीतल्या एका व्याख्यानात हे वाक्य स्वतःचं म्हणून वापरलं. मी त्यांना तिथल्या तिथे पकडलं नाही, त्याबद्दल माफ करा.

आणि मग ते पहिलं शिबिर. आठवतं ना? तुम्ही नाही म्हणाल, पण आठवतं. शाळेच्या ओसरीत मी सामान मांडेपर्यंत पोरांची रांग अंगणाबाहेर गेली होती. आईबाप संमतीच्या कागदावर आपणहून अंगठे करत होते. पोरं पिशवी फुगवत होती, फुगली की खिदळत होती, आणि तुम्ही मधोमध उभे राहून एकेकाच्या पाठीवर थाप मारत होता. मी मनात म्हटलं, असं गाव मिळायला भाग्य लागतं. छत्तीस पिशव्या भरल्या. मग मी पेटीतून बोटाला टोचायच्या सुया काढल्या.

ओसरी किती वेगानं रिकामी झाली ते मी अजून विसरले नाही. शेवटचं पोरगं खिडकीतून गेलं.

तुम्ही सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं की आता सुई संपली. खरं तर मी तुम्हाला बजावलं होतं, एकदा नाही, दोनदा. श्वासाला सुई लागत नाही, पण त्या श्वासाच्या माणसाला हिवताप आहे की नाही हे आधी रक्तावरून कळलं पाहिजे. नाहीतर कुठला वास आजाराचा आणि कुठला निरोग्याचा, हे यंत्राला सांगणार कोण? पुढे कधीतरी सुई जावी म्हणून आज सुई लागते. रक्ताच्या थेंबाशिवाय त्या छत्तीस नळ्या म्हणजे नुसती गावची हवा. मी तुमच्यावर ओरडले. वयाचा मान ठेवला नाही. मी म्हटलं, भाऊ, तुम्हाला तीस वर्षांचा अनुभव, आणि एवढं कळू नये?

तुम्ही पिशव्या गोळा करत होतात. खाली बघूनच म्हणालात, "तीस वर्सं पोरं मले पाहून पळाली. सायकलची घंटी काढून टाकली होती मी. वाजली का गाव खाली होये. एक दिस तं येऊ द्या ना जवळ."

मी सुयांची पेटी बंद केली आणि तुमच्यासोबत पिशव्या गोळा करायला लागले.

पण तुम्ही गप्प बसणारे नव्हता. आठ दिवसांनी मला फोन केलात की पुन्हा या, पोरं येतील. मी आले तर खरंच सगळी पोरं हजर, पण रांगेत नाही, गोल करून. तुम्ही मधे पाटावर बसलेले आणि बोट पुढे केलेलं. तुम्ही त्यांना सांगितलं होतं, आज सुईवाल्याले सुई. ही बातमी शेजारच्या टोल्यावर, त्या वस्तीतही गेली होती. मी सुई काढली आणि तुम्ही बोट मागे घेतलंत. मला आधी वाटलं, पोरांसाठी नाटक करताहात. मग पाहिलं तर कपाळावर घाम. ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याची बोटं टोचली त्याला स्वतःच्या बोटाला टोचून घ्यायची भीती वाटत होती! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तुम्ही मान फिरवून मला झाडावरचा कावळा दाखवलात, मी टोचलं, तुम्ही केवढ्यांदा ओरडलात, आणि पोरं हसून हसून जमिनीवर लोळली. त्यानंतर एकेक करून बोटं पुढे आली. सुईवाल्यापेक्षा आपण शूर, हे प्रत्येकाला दाखवायचं होतं.

तेव्हापासून प्रत्येक शिबिरात पहिलं बोट तुमचं आणि पहिली पिशवीही तुमची. भीती खरी किती आणि पोरांसाठी वाढवलेली किती, हे मी तुम्हाला कितीदा विचारलं. एकदाही सरळ सांगितलं नाहीत.

यातून एक गोष्ट आमच्या नकळत घडत गेली. गावातल्या इतर कुणाचे एक-दोन नमुने असतील, पण तुमचे ढीगभर झाले. उन्हाळ्यातले, हिवाळ्यातले, मोह वेचायच्या दिवसांतले. मोहाच्या दिवसांत तर सगळ्या गावाचे आलेख सारखेच यायचे, कारण प्रत्येक घरात कोपऱ्यात फुलं वाळत पडलेली आणि त्यांचा वास प्रत्येक श्वासात. मी पहिल्या वर्षी यंत्र बिघडलं समजून दोन दिवस ते धूत बसले होते. तुम्ही ती हकिगत पुढे तीन वर्षं सांगितलीत, दर वेळी धुण्याचे दिवस एकानं वाढवून. पण वेगवेगळ्या माणसांचे श्वास एकमेकांशी ताडून पाहताना जो गोंधळ व्हायचा तो एकाच माणसाचा श्वास त्याच्याशीच ताडला की होत नव्हता. तुमचा मोह कुठला, चूल कुठली, तुमचे स्वतःचे वास कुठले, सगळं आम्हाला पाठ झालं. सर म्हणाले, हा माणूस म्हणजे आपली मोजपट्टी. मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही. आधीच तुम्ही मॅडमच्या मशीनचे अर्धे मालक असल्यासारखे गावात फिरत होतात.

मोजपट्टीचा एकच दोष होता. खर्रा.

आमच्या अर्जावर प्रश्न होता, सकाळपासून काही खाल्लं का? सगळं गाव सांगायचं, नाई. तुम्हीही सांगायचात, नाई. आणि आलेखावर बघावं तर तंबाखूचा हा एवढा डोंगर. मी तुम्हाला जाब विचारला तेव्हा तुम्ही इतक्या निरागसपणे माझ्याकडे पाहिलंत. खर्रा म्हणजे काय खाणं आहे? खाल्लं म्हणजे भात. सुपारी-तंबाखू-चुना घोटून गालात ठेवलेली गोष्ट पोटात कुठं जाते? या जिल्ह्यात ही व्याख्या सर्वांना मान्य आहे, फक्त अर्ज लिहिणाऱ्यांना माहीत नव्हती. तो प्रश्न बदलला तो तुमच्यामुळे. आता अर्जावर खर्ऱ्याचा वेगळा रकाना आहे. तंबाखूच्या त्या डोंगरामागे आम्ही शोधतो त्या बारक्या खुणा दिसेनाशा होतात, म्हणून असा नमुना बाद करावा लागतो. तुमच्या किती नमुन्यांपुढे मी "ग्राह्य: नाही" लिहिलं! तुम्ही खांद्यावरून वाकून बघायचात आणि म्हणायचात, पोरी, तुयं अक्षर चांगलं हाये, पन शब्द वाईट.

मॅडमची पोरी कधी झाले ते कळलं नाही. बहुधा खर्ऱ्यावरूनच.

मग यंदा पावसाळा सरता सरता तुम्हाला ताप आला. मी त्या दिवशी गावातच होते. तुम्ही घोंगडी पांघरून, दात वाजवत, बायकोच्या, बुधरीबाईंच्या खांद्याचा आधार घेत ओसरीत आलात. रक्त तपासलं. हिवताप. मी गोळ्या पुढे केल्या. तुम्ही हात बाजूला सारून म्हणालात, पहिले पिशवी आण. मी म्हटलं, भाऊ, आधी गोळी. तुम्ही म्हणालात, गोळी कुठी पळून जाते का? बुधरीबाई तुम्हाला गोंडीतून काय बोलल्या ते मला कळलं नाही, पण ते कौतुक नव्हतं. पाच मिनिटांचं काम, म्हणून मी ऐकलं. थंडीनं हुडहुडत तुम्ही पिशवी फुगवलीत, मग गोळी घेतलीत, आणि आडवे होताना तुमच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला रागच आला. तापात दोन दिवस घशाखाली काही उतरलं नव्हतं, खर्राही नाही. तो नमुना लख्ख होता. तुमच्या ग्राह्य ठरलेल्या निरोगी नमुन्यांत कुठेही नसलेल्या खुणा त्यात उठून दिसत होत्या.

आता एकच राहिलं होतं. तुम्ही बरे झाल्यावर त्या खुणा जातात का? गेल्या, तर त्या तापाच्या. नाही गेल्या, तर कशाच्या तरी भलत्याच. चौदाव्या दिवशी नमुना घेतला. तुम्ही हसतमुखानं आलात, छातीवर हात ठेवून नाई म्हणालात, आणि यंत्रानं तंबाखूचा डोंगर काढून दिला. बाद. उरला अठ्ठाविसावा दिवस. हा गेला की तुमची तीन वर्षांची मालिका शेवटच्या पायरीवर अडकणार होती. मी फोनवर तुम्हाला समजावलं, विनवलं, धमकावलं. तुम्ही म्हणालात, तापापासूनच सोडला, चौदाव्या दिवशी एकदा मोह आवरला नाही, आता बायकोची शपथ घेतली आहे.

अठ्ठाविसाव्या दिवशी तुम्ही आलात. दात तसेच लाल. सदऱ्याच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पन्नीचं टोक बाहेर आलेलं, रबर लावलेलं, आतला खर्रा पारदर्शक दिसतो आहे. मी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, नाई खाल्लो. मी खिशाकडे बोट दाखवलं. तुम्ही म्हणालात, हाये. पन नाई खाल्लो. मी रात्रभर प्रवास करून आलेली, सर मागे लागलेले, चौदाव्या दिवसाचा राग अजून डोक्यात. मी सगळ्यांसमोर म्हटलं, भाऊ, या वयात खोटं बोलू नका.

तुम्ही हसला नाहीत. बोट पुढे केलंत, आणि मी टोचलं तेव्हा ओरडलाही नाहीत. पोरं वाट बघत राहिली. पिशवी फुगवून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "तुयी मशीन सांगंल." मग सायकल काढलीत. मागे चहा उकळत होता.

चौथ्या दिवशी सकाळी अंगणात कुंपणाच्या काड्या बांधता बांधता तुम्ही खाली बसलात आणि उठला नाहीत. हृदय म्हणे. श्वासाची एवढी उठाठेव केली आपण, आणि हृदयाकडे कुणी पाहिलं नाही. यावर तुम्ही काहीतरी टोमणा मारला असता, मला माहीत आहे.

आता सांगते, नळी का लावली नाही. नळी एकदा तापवली की संपते. आतले वास सुटतात, आलेख उमटतो, आणि मागे धुतलेली रिकामी नळी राहते. दुसऱ्यांदा बघायची सोय नाही. तुम्ही होतात तोवर ती एक नमुना होती, इतर नळ्यांसारखी यंत्रावर पाळी येण्याची वाट बघणारी. तुम्ही गेलात आणि ती तुमच्या श्वासाची उरलेली एकमेव नळी झाली. पण खरं कारण ते नव्हतं. चोराच्या मनात चांदणं असतं ना, तसं माझं झालं होतं. नळीत तंबाखू निघाला तर तुम्ही खोटे ठरणार, तेही आता, उत्तर द्यायला नसताना. आणि नाही निघाला तर मी अशा माणसाला सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलं, जो खरं बोलत होता आणि चार दिवसांनी मेला. यातलं कुठलं मला सोसलं असतं? सर रोज विचारायचे. महिन्याच्या आत लावली नाही तर भुकटीतले वास उडून जातात. मी रोज उद्या म्हणायचे.

शेवटी तुमच्या घरी गेले. बुधरीबाई पडवीत बसल्या होत्या. मी जोहार केला, बसले, आणि सगळं सांगून टाकलं, नळी, राग, सगळं. म्हटलं, तुमच्या घरच्या माणसाचा श्वास आहे, तुम्ही नको म्हणाल तर लावणार नाही, इथं आणून देईन. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

"तुमी त्याले रागावल्या, ते घरी येऊन सांगे," त्या म्हणाल्या. "पहिले गप होता. मंग जेवता जेवता हासला. म्हने, आपल्याले पोरगी असती तं अशीच रागावली असती."

मी रडले, भाऊ. त्यांनी रडू दिलं. मग त्या आत गेल्या आणि तुमचा तो सदरा घेऊन आल्या. खिशात पुडी तशीच होती. रबर सोडून पाहिलं तर पन्नी काठोकाठ भरलेली, आतला खर्रा वाळून कडक झालेला. आम्ही दोघी त्या पुडीकडे बघत बसलो. पण भरलेली पुडी म्हणजे न खाल्लेली एक पुडी, तिच्या आधीच्या पुड्यांबद्दल ती काही सांगत नाही. मी असं म्हणाले तेव्हा बुधरीबाईंनी जोरात मान डोलावली. त्यांचाही तुमच्यावर विश्वास नव्हता. रोज संध्याकाळी त्या तुम्हाला आ करायला लावून वास घ्यायच्या, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. म्हणजे आमच्या यंत्राच्या कितीतरी आधीपासून तुमच्या घरात हा अभ्यास चालू होता.

शपथेनंतर रोज वास यायचा का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, यायचा. पण चाळीस वर्षांचा वास आहे, सदऱ्यातून येतो की तोंडातून, त्यांना आता कळत नव्हतं. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लावा मशीन. मलेबी पाह्यचं हाये."

परवा लावली. सर म्हणाले, मी थांबू का? मी नको म्हटलं. नळी बसवली, टोपणं काढली, कळ दाबली. पाऊण तास लागतो. इतर वेळी मी तेवढ्यात डबा खाते. या वेळी खुर्चीवर बसून राहिले आणि आलेखाची रेघ पुढे सरकताना पाहत होते. तुमचे नेहमीचे वास एकेक करून आले. चुलीचा धूर आला. बऱ्याच पुढे तंबाखूची जागा येते, मला ती डोळे मिटूनही सांगता येते. रेघ तिथं आली आणि सपाट पुढे निघून गेली. मी उठून उभी राहिले. एवढ्या वर्षांत तुमच्या निरोगी श्वासात ती जागा मी पहिल्यांदाच इतकी सपाट पाहत होते. आणि तापाच्या दिवशी ज्या खुणा उठून दिसल्या होत्या, त्याही नव्हत्या. तुम्ही बरे झाला होतात, भाऊ. पूर्ण.

सर म्हणतात, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. सुई उद्या जाणार नाही, परवाही नाही. तुम्ही म्हणायचात, जाणार, मी म्हणायचे, इतक्यात नाही, तो वाद चालू ठेवायला माझी हरकत नाही. पण आता आणखी गावांत एकेका माणसाचा श्वास वर्षभर घ्यायचं ठरलं आहे, प्रत्येकाला त्याच्याशीच ताडून पाहायचं. तुमच्या नमुन्यापुढे मी "ग्राह्य: होय" लिहिलं. अक्षर बिघडलं, शब्द चांगला आहे.

आमच्या नियमाप्रमाणे निकाल फक्त नमुना देणाऱ्याला सांगायचा असतो. देणारा नसेल तर काय करायचं, याचा रकाना अर्जात नाही. मी बुधरीबाईंना फोन केला. म्हटलं, खर्रा नव्हता. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत राहिला. मग त्यांनी विचारलं, बिलकूल नाई? मी म्हटलं, बिलकूल नाही.

"मंग आपन दोघीयनं त्याले उगाच छळलं," त्या म्हणाल्या, आणि हसल्या, आणि हसता हसता त्यांचा आवाज फाटला. माझंही तेच झालं. दोन टोकांना दोघी, काय हसतो आणि काय रडतो, आम्हालाच कळत नव्हतं. मी म्हटलं, बाई, मी माफी मागायला हवी होती, आता कुणाची मागू?

"माह्यं तं तो जित्तेपनीबी आयकत नव्हता," त्या म्हणाल्या. "तुमी लिहून सांगा त्याले. दोघीयच्या तरफेनं लिहा."

म्हणून हे लिहिलं. चैतूभाऊ, त्या सकाळी तुम्ही खर्रा खाल्ला नव्हता. तुम्ही खरं बोलत होतात. आमचं चुकलं, माझं आणि बुधरीबाईंचं.